लेकीच्या शेजारची खोली

बकुळाचं कार्ड महिन्याला एक यायचं आणि त्यात मालनबाईचं नाव निदान तीनदा यायचं. जाईबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. देवगडजवळच्या त्यांच्या वाडीत शाळामास्तर ओसरीवर बसून कार्ड वाचायचे आणि जाईबाई पदराआड बोटं मोजायच्या. ‘मला ताप आला होता, मालनबाईंनी पेज करून घातली.’ एक. ‘मालनबाईंच्या संगतीने परळला भजनाला जाऊन आले.’ दोन. ‘मालनबाई म्हणतात, तुझी आई एकदा इकडे येऊन जाऊ दे.’ हे तिसरं वाक्य ऐकलं की जाईबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्या लेकीकडे आपण कधी जायचं हे ठरवणारी ही कोण लागून गेली?

“मास्तर, परत वाचा,” त्या म्हणायच्या. मास्तरांना वाटायचं, आईची माया. माया होतीच, नाही असं कोण म्हणेल? पण त्या वेळी त्या फक्त एवढंच बघत असायच्या की आपलं नाव किती वेळा आलं. आपलं नाव यायचं ते एकदाच, पहिल्या ओळीत, ‘तीर्थरूप आईस’ एवढंच.

पंचावन्न सालच्या गणपतींनंतर जाईबाईंचे यजमान गेले. घर आणि भातखाचरं दिराच्या हाती गेली. दीर वाईट नव्हता, पण विचारल्याशिवाय चुलीत लाकूड घालावं असं ते घर आता जाईबाईंचं राहिलं नव्हतं. दिवस घालायला आलेला मुलगा रघुवीर म्हणाला, “आई, आता प्रभादेवीला चल.” रघुवीर तिथे एका छापखान्यात खिळे जुळवायचा. बायको, दोन मुलं, दीड खोली, समोर वाऱ्याची गॅलरी. आई मुलाकडेच जाणार, यात विचारायचं ते काय? पण जाईबाई म्हणाल्या, “मी आधी येवन बघतंय. मगे ठरवतंय.”

वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विधवा बाई जागा पसंत करायला मुंबईला निघाली होती, जशी काही लग्नाचा मुलगाच बघायला चालली होती. जाईबाईंनी लक्ष दिलं नाही. संक्रांतीच्या तोंडावर त्यांनी पोह्यांचा डबा, तिळाचे लाडू आणि स्वतःचा पितळी तांब्या बांधून घेतला आणि आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरल्या.

प्रभादेवीला त्या दोन दिवस राहिल्या. सगळं बरं होतं. सून कालिंदी पाया पडली, नातवंडं मांडीवर चढली, निजायला खिडकीखालची जागा मिळाली. खोट काढायला कुठे जागाच नव्हती आणि जाईबाईंना नेमका त्याचाच राग आला. कारण मन तिथे नव्हतंच. ते लालबागला, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत होतं, जिथे त्यांची सगळ्यात धाकटी बकुळा नऊ वर्षं नांदत होती आणि कुणा परक्या बाईच्या हातची पेज पीत होती.

तिसऱ्या दिवशी रघुवीरने त्यांना लालबागला पोचवलं. “उद्या न्यायला येतो,” म्हणाला.

बकुळाने दारातच आईला मिठी मारली. मग पाट दिला आणि तांब्या-पेला समोर ठेवला. जाईबाई पेल्याकडे न बघता म्हणाल्या, “माका तहान नाय गो.”

तहान होती. उन्हातून आल्या होत्या, घसा कोरडा पडला होता. पण त्यांच्याकडे रीतच तशी होती. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्यांच्या आईने पाळलं, आजीने पाळलं. फरक इतकाच की त्यांना वर्ष-दोन वर्षांत नातवंडं झाली आणि रीत आपोआप सुटली. बकुळाला नऊ वर्षं मूल नव्हतं. यापूर्वी, कार्डात मालनबाईचं नाव यायच्या आधी, जाईबाई दोनदा मुंबईला आल्या होत्या, दोन्ही वेळा तासभर टेकून कोरड्या तोंडाने परत गेल्या होत्या. त्यात बकुळाला लागण्यासारखं काही आहे, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. रीत ती रीत.

बकुळाने पेला उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला.

इतक्यात दार न ठोठावता एक बाई आत आली. आडवा बांधा, खणखणीत आवाज, हाताला पीठ. तिने फळीवरचा गुळाचा डबा स्वतःच्या हाताने काढला, एक खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “ह्याच का तुझ्या आई? बरं झालं बया आलात. ही पोरगी रोज तुमचंच नाव काढतीया.”

ही मालनबाई. पाटणकडची विधवा. शेजारच्या खोलीत तिची खानावळ होती. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे वीस-बावीस माणसं तिच्याकडे जेवायची. जाईबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. बाई देखणी असती तर बरं झालं असतं, नाहीतर कजाग तरी असायला हवी होती. ही तर नुसती ऐसपैस होती. बकुळा जेवायला बसली तशी ती सरळ तिच्या समोर बसली आणि बकुळाच्या ताटातलीच भाकरी मोडून खाऊ लागली. बकुळा सरकून तिला जागा देत म्हणाली, “व्हय, बसा की नीट.”

व्हय! देवगडच्या मुलीच्या तोंडात घाटावरचं ‘व्हय’! बांगड्याच्या कालवणाच्या वासानेही तीच चुगली केली. नारळ बेताचा आणि कांदालसूण मसाला भरपूर. एक घास खाऊन नाक मुरडायची सोयसुद्धा जाईबाईंना नव्हती, कारण खायचंच नव्हतं. त्या भिंतीला टेकून आपल्या डब्यातले कोरडे पोहे चघळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी रघुवीर आला नाही. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, ती केंद्राकडे राहणार, असं रेडिओवर जाहीर झालं होतं आणि लालबाग-परळ पेटलं होतं. रस्त्यात दगड, जळते टायर, खाली घोषणा, मग गोळीबाराचे आवाज, आणि मग संचारबंदी. बकुळाचा नवरा बुधाजी गिरणीच्या साळखात्यात मागावर होता, गिरणी बंद पडली म्हणून तो घरातच होता. जाईबाई लेकीच्या घरात अडकल्या. एक दिवस म्हणून आलेल्या बाईला चार दिवस तिथे काढावे लागले.

पाण्यावर त्यांनी तोड काढली. आपला तांब्या घेऊन त्या गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक नळावर जायच्या आणि स्वतः भरून आणायच्या. “नळ म्युनसिपालटीचो,” त्यांनी रांगेतल्या बायकांना मोठ्या खुशीने समजावलं, “माझ्या लेकीचो न्हय. म्हणान चालता.” बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नऊ वर्षं त्या चाळीत बकुळाच्या रिकाम्या कुशीबद्दल तिच्यासमोर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवत होत्या, बाळंतिणीच्या खोलीतही मोकळेपणी येऊ देत होत्या. आता दिवसातून चारदा तिची सख्खी आई तांब्या हातात धरून साऱ्या मजल्यासमोरून जात होती आणि न विचारता सगळं सांगत होती. जाईबाईंना वाटत होतं, आपण किती युक्तीने धर्म सांभाळला. दाराआड उभ्या असलेल्या बकुळाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

तिसऱ्या दिवशी पोहे संपले, लाडू संपले. दुपारी मालनबाई दोन भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आली आणि जाईबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

“खावा,” ती म्हणाली. “लेकीच्या घरचं चालत न्हाई म्हणं. माझ्या घरचं तर चालतंय न्हवं? मी तुमची कोण लागत न्हाई.”

ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, हे जाईबाईंना कळेना. भूक मात्र खरी होती. त्यांनी भाकरी मोडली. भाकरी चांगली होती, मऊ आणि पापुद्रा सुटलेली, आणि प्रत्येक घासाला त्यांचा जळफळाट वाढत होता. आपण आपल्या पोरीच्या घरात बसून हिच्या हातचं गिळतोय आणि पोरगी बघतेय! बकुळा खरोखरच बघत होती. तिचे डोळे भरले होते. जाईबाईंनी अर्थ लावला तो असा की आईच्या पोटात चार घास गेले म्हणून पोरीला भरून आलं.

त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, राहायचं तर इथेच. प्रभादेवीला सून आहे, नातवंडं आहेत, तिथे आपल्यावाचून अडत नाही. इथे आपली जागा दुसरीनेच बळकावली आहे.

आणि खोलीही समोर दिसत होती. बकुळाच्या पलीकडच्या बाजूला एक खेडचा म्हातारा राहायचा. तो नोकरी संपवून शिमग्याला कायमचा गावी जाणार होता. पण त्या खोलीवर मालनबाईची आशा होती. तिची खानावळीची खोली भाच्याच्या नावावर होती. भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर त्याला खोली हवी होती. बकुळानेच बुधाजीकडून मालकाच्या मेहताच्या कानावर घातलं होतं की म्हातारा गेला की खोली मालनबाईला द्या. हे सगळं बकुळानेच आईला भाबडेपणाने सांगितलं. “म्हणजे त्या इथंच राहतील, आई. नाहीतर मला करमायचं नाही.”

करमायचं नाही! जाईबाईंनी मेहता भाड्याला कधी येतो तेवढं विचारून घेतलं.

संचारबंदी उठली. मेहता भाडं वसूल करायला चाळीत आला. बकुळा नळावर गेली होती. जाईबाई जिन्यात उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मेहताजी, मी बकुळाची आई. ती खोली माका होयी. माझ्या लेकीनंच सांगून धाडल्यान.”

खोटं बोलताना त्यांची जीभ अडखळली नाही. मेहताला खानावळीचा धूर नकोच होता. सख्खी आई म्हटल्यावर प्रश्नच मिटला. रघुवीर त्यांना न्यायला आला तेव्हा त्या त्याला एवढंच म्हणाल्या की लेकीच्या शेजारी खोली मिळतेय. रघुवीरचा चेहरा पडला. लोक काय म्हणतील, मुलगा असताना आई लेकीच्या दाराशी राहते? “तुझ्याकडे कालिंदी हा,” जाईबाई म्हणाल्या, “हिका कोण नाय.” हेही खोटंच होतं, आणि हे त्यांना बोलताना ठाऊक होतं.

शिमगा झाल्यावर त्या ट्रंक घेऊन आल्या. मालनबाई आधीच गेली होती, भायखळ्याला भाजीबाजारामागे दुसऱ्या एका बाईच्या खानावळीत, पगारी स्वयंपाकीण म्हणून. जाताना भांडली नाही की रडली नाही. मेहताने बकुळाला सहज विचारलं होतं, “तुम्हीच आईला पाठवलंत ना?” आणि बकुळाने सहज मान हलवली होती. आईला खोटं पाडलं नाही.

जाईबाईंना वाटलं होतं, आता सुख. मधली भिंत एक, गॅलरी एक, पोरीचा कंगवा पडला तरी ऐकू येईल. ऐकू येत होतंही. सकाळी बकुळा यायची, केर काढायची, “काही हवं का?” विचारायची. भाजी कोणती आणायची ते विचारायची. आवाज कधी चढला नाही, कधी उतरला नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. आणि दुपारचं जेवण झालं की चप्पल घालून निघायची.

“खंय चल्लस?”

“समितीची सभा आहे.”

सभा कधी असायची, कधी नसायची. त्या दिवसांत लालबागच्या बायका खरोखरच रस्त्यावर होत्या. बकुळा घरी यायची ती घोषणा देऊन आवाज बसलेला घेऊन. पण तिच्या पिशवीत भायखळ्याच्या बाजारातली मेथी असायची, आणि अंगाला कांदालसूण मसाल्याचा वास. जाईबाई वासावरून ओळखायच्या. सभेचाही त्यांना हेवा वाटायला लागला, तिथे त्या दोघी शेजारी बसत असतील म्हणून. गॅलरीत बसून त्या तासन्‌तास जिन्याकडे बघायच्या. गावी असताना कार्डात निदान ‘तीर्थरूप आईस’ तरी असायचं.

असे सहा महिने गेले. एक दिवस त्यांच्याने राहवलं नाही. बकुळा चप्पल घालत होती आणि त्या तिच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“मी घरदार सोडून तुझ्यासाठी इलंय. लोकांची बोलणी खाल्ली. आणि तू त्या परकीकडे जातंस? काय दिल्यान तिणा तुका, जा मी दिलंय नाय?”

बकुळा थांबली. पहिल्यांदाच तिने आईकडे सरळ पाहिलं.

“ती माझ्या ताटात जेवायची, आई. रोज. माझ्या ताटाला हात लावायचा का नाही, हे तिने मला मूल आहे का ते बघून कधी ठरवलं नाही. तू आलीस की मी पाणी ठेवायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, या खेपेला पिईल. तू तांब्या घेऊन नळावर गेलीस ना, त्या दिवशी चाळीला कळलं की माझ्या आईलाच माझं घर विटाळ वाटतं.”

विटाळ? असं कोण म्हणालं? ही तर रीत होती. पण नळावरच्या बायकांनी एकमेकींकडे टाकलेल्या नजरा जाईबाईंना आता, इतक्या महिन्यांनी दिसल्या. त्या पुढे झाल्या, फळीवरचा पेला ओढला आणि माठात बुडवला.

“हे बघ, पितंय मी. आत्ताच पितंय.”

बकुळाने त्यांच्या हातातून पेला काढून घेतला. हिसकावला नाही, अलगद काढून घेतला.

“आता नको. आता तू माझ्यासाठी पितेस का तिच्यावर मात करायला पितेस, तुझं तुलाच सांगता यायचं नाही.”

आणि ती जिना उतरून गेली.

जाईबाई तशाच उभ्या राहिल्या. राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण पोरीने अचूक बोट ठेवलं होतं. पेला माठात बुडवताना त्यांच्या डोळ्यांसमोर बकुळा नव्हतीच. मालनबाईचं तोंड होतं, आणि ते उतरलेलं बघायचं होतं.

दोन दिवसांनी रघुवीर आला. आईचा चेहरा बघून म्हणाला, “चल प्रभादेवीला. खोली परत करू.” जाईबाईंनी ट्रंक भरली. खरंच भरली, दोरीही बांधली. प्रभादेवीला गेलं की सगळं सोपं होतं. तिथे नातवंडं होती, तिथलं पाणी चालत होतं, तिथे कोणाचा हेवा करायची गरज नव्हती. खोली रिकामी झाली की मालनबाई येईल, पोरगी सुखी होईल. आणि मग त्या दोघी एका ताटात जेवतील आणि आपण प्रभादेवीच्या गॅलरीत बसून वारा खाऊ. हे शेवटचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी दोरी सोडली.

“तू जा,” त्या मुलाला म्हणाल्या. “माका भायखळ्याच्या ट्रामीत बसव आणि जा.”

बाजारामागची खानावळ त्यांनी विचारत विचारत शोधली. मागच्या पडवीत मालनबाई लसूण सोलत बसली होती. सहा महिन्यांत बाई ओसरली होती. दुसऱ्याच्या चुलीपुढे बसलेली बाई आवाजाने आधी ओसरते, तशीच. जाईबाईंना बघून ती उठली, हात पुसले, बसायला पाट दिला. “बकुळी बरी हाय न्हवं?” हाच तिचा पहिला प्रश्न, आणि तोही जाईबाईंना टोचला.

त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, “ती खोली तुझी होती. मी मेहताक खोटा सांगितलंय.”

“ठावं हाय,” मालनबाई म्हणाली. “बकुळीनं सांगितलं न्हाई. पण ती असलं करायची न्हाई, हे मला कळत न्हाई व्हय?”

हेही त्यांना टोचलं. त्यांच्या मुलीला ही बाई त्यांच्याहून जास्त ओळखत होती. जाईबाईंनी ओठ घट्ट मिटले, मग सोडले.

“गाठोडा बांध आणि चल.”

“आन् तुमी? लेकाकडं चाललाय?”

“मी खंय जातंय? मी थंयच ऱ्हवतलंय.”

मालनबाई बघतच राहिली. “एका खोलीत? तुमी आन् मी?”

“चूल तू कर. माशाचा कालवण मी करतलंय, तुझ्या हातचा माशाचा माका बघवत नाय.” आणि मग, आवाज खाली आणून, “बकुळा माझा चेडू, पण तुझ्यावाचून ता माझ्याशी बोलणा नाय गो. मी काय करू?”

मालनबाईने लसणाचं सूप बाजूला सारलं आणि गाठोडं बांधायला घेतलं. तिला पायऱ्या चढताना दम लागायचा म्हणून लालबागच्या जिन्यात जाईबाईंनी ते गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं.

बकुळा गॅलरीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. सूप उलटलं, तांदूळ सगळीकडे सांडले, आणि ती धावत येऊन मालनबाईच्या गळ्यात पडली. अशी रडली की शेजारच्या खोल्यांतून बायका बाहेर आल्या. सहा महिने आईसमोर जिने एक टिपूस गाळलं नव्हतं, ती हुंदके देऊन रडत होती आणि मालनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

जाईबाई त्या दोघींच्या मागे गाठोडं डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. दोघींच्या अंगावरून पुढे जायला गॅलरीत वाटच नव्हती. तो हात आपला असायला हवा होता, ती पाठ आपण लहानपणी तेल लावून चोळली होती. एवढं जळत असूनही आपल्याला इथून हलायचं नाही, हे त्यांना कळत होतं. बकुळा शांत होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि ती शांत व्हायला फार वेळ लागला.